साथीच्या दिवसांत कामाची जागा: फिनाइलच्या आधी खिडकी

साथीची बातमी आली की इंदूरच्या दुकानांत आणि ऑफिसांत पहिली हालते ती बादली. फरशी दोनदा पुसली जाते, दाराशी सॅनिटायझरची बाटली येते, काउंटरभोवती फिनाइलचा वास सुटतो. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात वर्षानुवर्षं पहिला नंबर घेणाऱ्या गावाची ही सवय आहे आणि सवय चांगली आहे. पण साथ कोणती हे न बघता केलेली सफाई पुष्कळदा चुकीच्या जागी घाम गाळते. सर्दी-तापाच्या साथीत फरशी लख्ख आणि खिडक्या गच्च बंद असतील, तर ती जागा दिसायला स्वच्छ आणि बसायला धोक्याची असते.

याच गावात शंभर वर्षांपूर्वी प्लेग होता. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस तेव्हा होळकर दरबारासाठी काम करत होते. त्यांचा इंदूरवरचा अहवाल १९१८चा. त्यांनी दिवाळीत एक मिरवणूक काढली आणि आधीच जाहीर केलं की ती कुठल्या रस्त्यांनी जाईल हे सफाईवर ठरेल. मोहल्ले झाडाझडतीला लागले, सफाई कामगारांना मिरवणुकीत मानाचं स्थान मिळालं. ही सफाई कामाची होती, कारण प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो आणि अडगळ, उकिरडे, बिळं हेच उंदरांचं घर. म्हणजे उपाय रोगाच्या वाटेवरच बसला होता. आज आपल्याला तेच करायचं आहे, फक्त वाट वेगळी असू शकते.

म्हणून मालकाने, मॅनेजरने, मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: हा रोग कुठल्या वाटेने जातो? फ्लू, कोविड, गोवर, कांजिण्या, टीबी या रोगांची मोठी वाट हवा. कॉलरा, टायफॉइड, कावीळ (अ प्रकारची) आणि उलट्या-जुलाबांचे विषाणू तोंडावाटे शिरतात: पाणी, अन्न आणि न धुतलेले हात यांतून. डोळे येण्याची साथ हात, टॉवेल आणि उश्यांवरून. डेंग्यू आणि चिकुनगुनिया डासांवरून, स्पर्शाने किंवा श्वासाने अजिबात नाही. रामबागेतली पतपेढी असो, भंवरकुव्याजवळचा कोचिंग क्लास असो की सांवेर रोडवरचा कारखाना, वाट कळली की पैसे आणि मेहनत कुठे घालायची ते आपोआप ठरतं.

हवेची वाट

बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही तोंडातून बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरवर खाली पडतात. अगदी बारीक थेंब सिगारेटच्या धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. गोवराचा विषाणू तर रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. टेबल कितीही पुसलं तरी हा धूर हटत नाही. वस्तूंना हात लागून कोविड होण्याची शक्यता एका स्पर्शामागे साधारण दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१च्या एप्रिलमध्ये सांगितलं होतं. हात धुवावेतच, पण हवेच्या साथीत मुख्य काम खोलीतली हवा बदलण्याचं.

इथे सगळ्यांत मोठा गैरसमज स्प्लिट एसीचा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा खेचतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. छताचा पंखाही तीच हवा ढवळतो. बारा माणसं बंद खोलीत एसी लावून दिवसभर बसली, तर ती एकमेकांचा श्वास घेत बसलेली असतात.

आपला लोखंडी कूलर मात्र वेगळा आहे. तो खिडकीबाहेर बसवलेला असेल तर बाहेरची हवा ओढून आत ढकलतो, आणि समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवली की जुनी हवा तिकडून निघून जाते. हवा बदलण्यासाठी एवढं जोरकस आणि स्वस्त यंत्र दुसरं नाही. तोच कूलर उचलून खोलीच्या आत ठेवला, तर मात्र तो दमटपणा वाढवण्यापलीकडे काही करत नाही. साथीच्या उन्हाळ्यात एसी की कूलर असा पर्याय असेल, तर खिडकीतला कूलर निवडावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

एसीशिवाय भागतच नसेल तर एक्झॉस्ट फॅन लावावा. तो केवढा हवा, हे हिशेबाने काढता येतं. समजा खोली २० फूट बाय १५ फूट, उंची १० फूट. आकारमान ३,००० घनफूट, म्हणजे सुमारे ८५ घनमीटर. खोलीतली हवा तासाला किमान पाच वेळा बदलली जावी, अशी शिफारस अमेरिकेच्या त्याच केंद्राने २०२३ साली केली. म्हणजे तासाला ४२५ घनमीटर हवा. जागतिक आरोग्य संघटनेचं माप दुसऱ्या बाजूने येतं: माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा. बारा माणसांचा हिशेब तासाला ४३२ घनमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. पंख्याच्या खोक्यावर ताशी घनमीटरचा आकडा छापलेला असतो, पण तो मोकळ्या हवेतला. मागे झडप, जाळी आणि जाळीवर वर्षभराची धूळ असली की निम्माच उरतो असं धरून चाला. या खोलीला ८५० ते ९०० घनमीटरचा पंखा घ्या आणि जाळी महिन्याला ब्रशने घासा.

पंखा बसवताना नेहमी होणारी चूक म्हणजे त्याच्या शेजारचीच खिडकी उघडी ठेवणे. मग हवा त्या खिडकीतून आत येते आणि लगेच पंख्यातून बाहेर पडते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अकाउंटंटपर्यंत काहीच पोचत नाही. पंखा एका टोकाला, उघडी फट दुसऱ्या टोकाला, आणि माणसं मधे. एसीचा गारवा थोडा जाईल, विजेचं बिल थोडं वाढेल. ते स्वीकारावं लागतं.

हे सगळं चालतंय का, हे एका उदबत्तीने कळतं. पंखा चालू करा, दार बोटभर उघडं ठेवा आणि पेटलेली उदबत्ती फटीजवळ गुडघ्याच्या उंचीवर धरा. धुराची रेघ वाकून खोलीच्या आत आली तर पंखा बाहेरची हवा ओढतोय. रेघ सरळ वर गेली तर हवा हलत नाही. बाहेर वळली तर पंखा उलटा बसवलाय, आणि असं खरोखर घडतं. मग उदबत्ती घेऊन खोलीच्या चारही कोपऱ्यांत जा. जिथे धूर घुटमळत राहतो तिथे कुणाची खुर्ची नको.

मोठं ऑफिस असेल तर कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र घ्यावं. ते विषाणू मोजत नाही, दुसऱ्याचा सोडलेला श्वास खोलीत किती साठलाय ते दाखवतं. उघड्यावर आकडा ४२० ते ४५० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. वरच्या हिशेबाने हवा खेळत असेल तर बसून काम करणाऱ्यांच्या खोलीत तो ९००च्या आसपास थांबतो. १,५०० झाला तर ताजी हवा गरजेच्या निम्मीही नाही, आणि तुमच्या साधारण पस्तीस-चाळीस श्वासांतला एक दुसऱ्याच्या फुप्फुसांतून आलेला आहे. यंत्र घेताना त्यात एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने वायू मोजणारा) सेन्सर आहे का ते विचारा. स्वस्त यंत्रं अंदाजाने आकडा दाखवतात. सॅनिटायझर चोळलेला हात जवळ नेल्यावर आकडा उसळी मारत असेल, तर ते यंत्र परत करा.

जेवणाची सुट्टी ही सगळ्यांत नाजूक वेळ. दिवसभर मास्क लावून बसलेली आठ माणसं दीड वाजता पॅन्ट्रीच्या छोट्या खोलीत मास्क काढतात, समोरासमोर बसतात, हसतात, बोलतात. सकाळची सगळी काळजी तिथे वाया जाते. दोन-तीन पाळ्या करा, किंवा डबे गच्चीवर, व्हरांड्यात न्या. आणि टेबलाच्या मधोमध फोडलेलं शेवेचं पाकीट! पोह्यांवर शेव घ्यायला प्रत्येक जण त्यातच हात घालतो, तेलकट बोटं पुसतो, पुन्हा घालतो. पोटाच्या साथीत हे पाकीट म्हणजे रोगाचा पूल. शेव वाटीत काढा आणि वाटीत चमचा ठेवा. एवढंच करायचं आहे, पण रोज करायचं आहे.

पीथमपूरला बसने जाणाऱ्यांसाठी: तास-पाऊण तास बंद बस ही ऑफिसपेक्षा वाईट खोली आहे. पुढची एका बाजूची आणि मागची दुसऱ्या बाजूची खिडकी अशा तिरप्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या की हवा सगळ्या बसमधून फिरते. एसी बसमध्ये ड्रायव्हरला आतली हवा फिरवणारं बटण बंद करायला सांगा. मास्क कारखान्यापेक्षा बसमध्ये जास्त गरजेचा आहे.

मास्कबद्दल थोडक्यात. गर्दीत आणि रोग्याजवळ एन-९५, म्हणजे आपल्याकडे आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि एफएफपी२ असं छापलेला, डोक्यामागून पट्टे जाणारा. झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण त्याचा श्वास तसाच बाहेर सोडतो; साथीत तो नको. दाट दाढीवर मास्क बसत नाही. श्वास जोरात सोडल्यावर चष्म्यावर वाफ आली तर नाकावरची पट्टी नीट दाबलेली नाही.

तापातला माणूस कामावर का येतो

साथ रोखण्याचा सगळ्यांत परिणामकारक उपाय फुकट वाटतो: आजारी माणसाने घरी राहावं. तरीही तो येतो. कारण पगार कापला जातो. दाराशी कितीही पाट्या लावा, रोजाच्या हिशेबावर जगणारा माणूस पॅरासिटामोल घेऊन येणारच, आणि त्याला दोष देता येत नाही.

कागदावर त्याला आधार आहे. दहा किंवा जास्त कामगारांच्या जागी, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असतं. कर्मचाऱ्याच्या पगारातून ०.७५ टक्के जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. सहा महिन्यांच्या हप्ता-काळात ७८ दिवसांचे हप्ते भरलेले असतील, तर आजारपणात रोजच्या सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. टीबीसारख्या लांब आजारात अटी पूर्ण असतील तर ८० टक्के दराने आणखी पुढेही. दाखला ईएसआयच्या डॉक्टरचा लागतो. इंदुरात त्यासाठी नंदानगरचं ईएसआय रुग्णालय बहुतेक कामगारांना माहीत आहे.

पण यात एक खाच आहे आणि साथीत तीच महाग पडते. नव्या आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा मोजले जात नाहीत. फ्लूचा ताप तीन-चार दिवसांचा. ६०० रुपये रोज असणारा माणूस तीन दिवस घरी राहिला तर १,८०० रुपये बुडतात आणि ईएसआयकडून येतात जेमतेम एका दिवसाचे, सुमारे ४२०. म्हणून तो दुसऱ्याच दिवशी मशीनवर उभा असतो.

ही खाच मालकाने भरावी. साथीच्या काळापुरता एक लेखी नियम करा: ताप किंवा जुलाब असताना घरी राहिल्यास पहिले दोन दिवस भरपगारी, त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागणार नाही. दाखला मागितला की आजारी माणूस दवाखान्याच्या रांगेत आणखी दहा जणांमध्ये बसतो. खर्च जास्त वाटतो का? दोन दिवसांचे १,२०० रुपये. तो कामावर येऊन शेजारच्या तिघांना आजारी करून गेला तर आठवडाभर अख्खी लाइन अडते. ठेकेदाराची माणसं, चौकीदार आणि सफाईवाल्या ताई यांनाही हा नियम लावा. विषाणू हजेरीपट बघत नाही, आणि सगळ्या खोल्यांतून फिरतात त्या ताईच.

आजारी माणसाचं नाव नोटीस बोर्डावर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. "तिसऱ्या मजल्यावर एकाला फ्लू झाला आहे, सोमवार-मंगळवारी तिथे बसलेल्यांनी तब्येतीकडे लक्ष ठेवा," एवढं पुरतं. नाव फुटलं की पुढचा माणूस आजार लपवतो.

दारावरच्या ताप-बंदुकीवर विसंबू नका. फ्लूचा माणूस त्रास सुरू व्हायच्या एक दिवस आधीपासून रोग देऊ शकतो, तेव्हा बंदूक काहीच दाखवत नाही. पॅरासिटामोल घेतलेला सुटतो. उलट मे महिन्यात स्कूटरवरून उन्हात आलेल्याचं कपाळ तसंच तापलेलं असतं. त्याला दहा मिनिटं सावलीत बसवून पुन्हा बघा. बंदुकीपेक्षा सकाळी विचारलेला प्रश्न जास्त पकडतो: "अंग दुखतंय का, घसा कसा आहे?" अट एकच, खरं उत्तर दिल्यावर पगार कापला जाता कामा नये.

उलटी, पाणी आणि डोळे

उलट्या-जुलाबांच्या विषाणूंवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, डोळे येण्याच्या साथीतल्या ॲडिनोव्हायरसवरही कमीच. तिथे साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, अंगठा आणि नखांसकट.

कुणी उलटी केली तर आधी माणसं दूर करा, खिडक्या उघडा. हातमोजे आणि मास्क घालून उलटीवर जुनं फडकं किंवा कागद टाका, बाहेरून आत असं गोळा करा, पिशवीत बांधा. मग जागा साबणाच्या पाण्याने धुवा. ब्लीच त्यानंतर, आधी नाही, कारण घाणीवर ओतलेलं ब्लीच घाणीतच खर्च होतं आणि विषाणू तसेच राहतात. बाटलीवर ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर उलटीच्या जागेसाठी १०० मिलि ब्लीच आणि एकूण एक लिटर द्रावण होईल एवढं पाणी. दाराच्या मुठी, नळ, टेबलं यांसाठी २० मिलि पुरतं. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. द्रावण रोज ताजं करा; उन्हात ठेवलेली बाटली काही महिन्यांत निकामी होते. संडास घासायच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. ब्लीच माणसांच्या अंगावर फवारू नका. आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२०मध्येच याविरुद्ध सूचना काढली होती.

पाण्याची साथ असेल तर ऑफिसच्या आरओवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. आरओ चांगला असतो, पण पुढची साठवणटाकी आणि तोटी महिनोन्महिने कुणी धुतलेली नसते. महापालिकेचं असो, टँकरचं असो की बोअरिंगचं, पाणी ज्या टाकीत पडतं तिच्यात क्लोरीन आहे का ते बघा. हजार लिटरला ताजी ब्लीचिंग पावडर सुमारे ४ ग्रॅम: आधी बादलीत कालवा, चुना तळाशी बसू द्या, वरचं निवळ पाणी टाकीत सोडा, गाळ नको. अर्ध्या तासाने चाचणी-किटमध्ये लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. कमी आलं तर थोडी पावडर वाढवून पुन्हा तपासा. ते शक्य नसेल तर पिण्याचं पाणी उकळा, बुडबुडे जोरात येऊ लागल्यावर एक मिनिट. दोन-तीन दिवसांत तिघा-चौघांना सारखाच त्रास सुरू झाला, तर जिल्ह्याच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला कळवा आणि टाकीतलं पाणी ओतून देण्याआधी नमुना राखून ठेवा.

परत कधी यायचं

फ्लू किंवा कोविडसारख्या तापात: औषध न घेता चोवीस तास ताप नाही आणि एकूण बरं वाटतंय, मग या, पुढचे पाच दिवस मास्क ठेवा. उलटी-जुलाब: शेवटच्या उलटी किंवा जुलाबानंतर ४८ तास, कॅन्टीनमध्ये काम करत असेल तर डॉक्टरला विचारूनच. कावीळ: डोळे पिवळे झाल्यापासून किमान एक आठवडा, आणि अशक्तपणा त्याहून जास्त टिकतो. कांजिण्या: शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत. गोवर: पुरळ उठल्यापासून चार दिवस. कांजिण्या किंवा गोवराचा रोगी निघाला तर ऑफिसातल्या गरोदर बाईंना त्याच दिवशी सांगा. त्यांच्या डॉक्टरला काही करायचं असेल तर वेळ थोडा असतो.

डेंग्यूचं गणित वेगळं आहे. डेंग्यूचा माणूस कुणाला थेट रोग देत नाही, त्यामुळे त्याच्यापासून दूर पळायचं कारण नाही. डास मात्र ऑफिसातच जन्मतो. वर ज्या कूलरचं कौतुक केलं, त्याचीच टाकी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची आवडती जागा. हा डास दिवसा चावतो, म्हणजे कामाच्या वेळात, आणि तोही टेबलाखाली, पायाला. नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, महिनोन्महिने कोरडी टिकतात आणि पाणी भरताच फुटतात. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून भिंती कडक ब्रशने घासायच्या. शनिवारी सुट्टी व्हायच्या आधी हे केलं तर रविवारी टाकी कोरडी पडून राहते. हंगाम संपल्यावर कूलर गच्चीवर ठेवताना उलटा करून ठेवा, नाहीतर पहिल्या पावसात तो पुन्हा भरतो.

आणि ताप उतरला म्हणून डेंग्यूच्या माणसाला कामावर बोलावू नका. फ्लूमध्ये ताप उतरणं ही बरं झाल्याची खूण असते. डेंग्यूत तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप उतरतानाच, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा आणि रक्तस्रावाचा धोका सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, माणूस सुस्त किंवा बेचैन वाटणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच १०८ला फोन करून रुग्णालयात. तापासाठी फक्त पॅरासिटामोल. ऑफिसच्या औषधपेटीतल्या आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनच्या गोळ्या साथीच्या काळात काढून ठेवा, कारण अंगदुखीसाठी कुणीतरी सहज त्याच उचलतं आणि डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढतो. ताप गेल्यानंतर किमान दोन-तीन दिवस, प्लेटलेट वाढू लागल्याचं डॉक्टरने सांगेपर्यंत, त्या माणसाची जागा रिकामीच राहू द्या, आणि रोज एकदा फोन करून लघवी नीट होते आहे का, पाणी पोटात टिकतंय का, एवढं विचारा.